‘आता पुरे’ कोण म्हणणार?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४९. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून सहा वर्षं त्यांनीच तिचं सगळं केलं. सकाळी सहाचं औषध, दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्री आठची शेवटची गोळी. पाच महिन्यांपूर्वी आई गेली. फोनमधला रात्री आठचा गजर अजून वाजतो आणि तो काढून टाकायला हात धजत नाही, असं त्या लिहितात. आता त्यांना स्वतःची गाडी घेऊन एकटीनं निघायचं आहे. डोंगर, जंगल, वन्य प्राण्यांचा प्रदेश. पंधरा दिवस. आरक्षण नाही, ठरलेला रस्ता नाही, फोन बंद. गाडी वीस वर्षं चालवत आहेत, पण बहुतेक सपाटीवर. भाऊ म्हणतो, ‘वेड लागलंय.’ मुलगी म्हणते, ‘मी येते, नाहीतर रोजचा कार्यक्रम लिहून दे.’ त्या विचारतात: ‘एकदा तरी काही न ठरवता जगावंसं वाटणं हा बेजबाबदारपणा आहे का? मुलीला सोबत घेऊ? कार्यक्रम लिहून दिला तर हा प्रवास माझा कसा राहील? आणि खरं सांगू, आता काही झालं तरी माझ्यावर अवलंबून कोणी नाही.’

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. सहा वर्षं दुसऱ्याच्या श्वासाकडे कान लावून झोपलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य सुटकेचं असू शकतं: आता मी दोन तास बाहेर गेले तरी कुणाचं काही अडणार नाही. पण याच शब्दांत दुसराही अर्थ मावतो, की मी असले काय नि नसले काय. तुमच्या मनात कोणता आहे, हे मला इथून कळणार नाही. तुम्हाला कळेल. दुसरा असेल, किंवा अपरात्री तोच डोकं वर काढत असेल, तर सध्या घाटातल्या निर्जन रस्त्यावर एकटीनं जाऊ नका. आधी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला, आणि मुलीलाही हे वाक्य जसंच्या तसं सांगा. प्रवास चार महिन्यांनीही होईल. पुढचं सगळं मी पहिला अर्थ धरून लिहिते आहे.

बेजबाबदारपणा? मुळीच नाही. सहा वर्षं तुमचा दिवस तुमच्या मालकीचा नव्हता. औषधांच्या वेळांनी तो आपापसांत वाटून घेतला होता. असे दिवस काढलेल्या माणसाला ‘रोजचा कार्यक्रम लिहून दे’ हे शब्द कसे लागतात, ते तुमच्या मुलीच्या लक्षात आलेलं नसावं. मला वाटतं, डोंगर बघण्यापेक्षाही तुम्हाला एका सकाळी उठल्यावर ‘आज काय करायचं?’ याचं उत्तर ठाऊक नसण्याची ओढ लागली आहे. ही काही मोठी मागणी नाही, आणि ती पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

फक्त ‘ठरवणं’ या एका शब्दात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, त्या सोडवून बघू या. कुठल्या फाट्याला वळायचं, नदीकाठी किती वेळ बसायचं, उद्या पुढे जायचं की इथेच राहायचं, हे सगळं उघडं ठेवता येतं आणि ते ठेवाच. अंधार किती वाजता पडतो, टाकीत किती इंधन आहे, आज आपण किती उंचीवर झोपणार आहोत, रात्री झोप किती झाली, या गोष्टी मात्र आपण ठरवल्या नाहीत म्हणून मोकळ्या राहत नाहीत. त्या डोंगर ठरवतो. तुमचा राग पहिल्या प्रकारच्या ठरवण्यावर आहे आणि तो रास्त आहे. दुसऱ्या प्रकारच्या ठरवण्यानं तुमचा एकही दिवस कुणाच्या ताब्यात जात नाही.

आता एकटीनं जाण्याबद्दल. सोबतचं माणूस प्रवासात नेमकं काय करतं? सामान उचलतं, नकाशा बघतं, गप्पा मारतं. यांतलं कशावाचूनही काही अडत नाही. पण ते आणखी एक काम करतं, जे आपल्या ध्यानातच येत नाही: संध्याकाळी पाच वाजता ते म्हणतं, ‘आता पुरे, इथेच थांबू.’ एकटं माणूस हे स्वतःला सांगू शकत नाही असं नाही. पण दमलेलं, भुकेलं, वेळेत पोचण्याच्या घाईतलं डोकं नेमकं त्याच वेळी ‘अजून पंधरा किलोमीटरच तर आहेत’ असं म्हणत असतं. म्हणून एकट्यानं निघणाऱ्यानं हे ‘आता पुरे’ घरीच, शांत डोक्यानं ठरवून घ्यायचं असतं. अनुभव असला की याची गरज नाही, असं समजू नका. अ‍ॅरन राल्स्टन हा अमेरिकी गिर्यारोहक हिवाळ्यातही एकट्यानं उंच शिखरं चढलेला, चांगला कसलेला माणूस. एप्रिल २००३मध्ये तो अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका अरुंद घळीत एकटाच उतरला आणि घरंगळलेल्या शिळेखाली त्याचा उजवा हात अडकला. आपण कुठे चाललो आहोत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच दिवस उलटल्यावर स्वतःचाच हात कापून तो सुटला. कौशल्यात तो कुठे कमी पडला, असं मला वाटत नाही. त्याला शोधायला कुठे जायचं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

तुमच्या ‘आता पुरे’मध्ये पहिलं कलम अंधाराचं असावं. दरीत सूर्यास्त पंचांगातल्या वेळेला होत नाही. समोरच्या कड्याआड सूर्य तास-दीड तास आधीच जातो आणि थंडी लगेच उतरते. एक जुनी युक्ती आहे: हात लांब करून सूर्य आणि डोंगराची कड यांमध्ये बोटं आडवी धरायची. एक बोट म्हणजे साधारण पाव तास. चार बोटं उरली की मुक्कामाची जागा शोधायला लागायचं. पोचायला लागणारा वेळ नकाशावरचं ॲप सांगतं, त्यात निम्मा आणखी मिळवा. वळणं, दरडी, पुढे रेंगाळणारा ट्रक आणि तुमचं स्वतःचं रेंगाळणं त्याला माहीत नसतं. ॲप कधी कधी आडरानातली वाट ‘जवळचा रस्ता’ म्हणूनही दाखवतं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वनरक्षकांनी असल्या वाटांनी गेलेल्या जिवांसाठी ‘जीपीएसमुळे मृत्यू’ असा शब्दप्रयोगच रूढ केला. डांबर संपलं आणि समोरून बराच वेळ एकही गाडी आली नाही, की तिथून मागे फिरा. मागे फिरायला तुम्हाला अपमान वाटणार नाही ना? पत्रात तुम्ही ‘एकदा निघाले की निघाले’ असं लिहिलं आहे, म्हणून विचारते. ज्या प्रवासाला ठरलेलं ठिकाणच नाही, त्यात मागे वळलं तर हरलं काय?

इंधनाचं सोपं आहे. टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या पंपावर भरायची, मग रांग असो वा नसो. चढावर खालच्या गिअरमध्ये गाडी जास्त पिते, म्हणून सपाटीवरचा हिशेब इथे लागू पडत नाही. खुद्द इंजिनही उंचीवर थकतं. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला साधारण दहावा हिस्सा घटते, तेव्हा ओव्हरटेक करताना गाडी नेहमीसारखी उसळी घेईल असं धरून चालू नका.

उतारावर मात्र जरा थांबून बोलते, कारण सपाटीवरच्या वीस वर्षांनी तुम्हाला हे शिकवलेलं नसेल. दीड टनाची गाडी १,००० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जावी लागते, तिच्यात सुमारे ४० लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. ती सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापतात, आतलं तेल उकळू लागतं, ब्रेकचं पेडल मऊ पडतं आणि एका वळणावर पाय तळाला टेकूनही गाडी थांबत नाही. घाट चालवणारे म्हणतात, ‘ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.’ ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते. ती कुठे आहे, हे निघण्याआधी पुस्तिकेत बघून घरच्याच रस्त्यावर वापरून पाहा. ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा मधूनमधून नीट दाबून सोडावा. जळकट वास आला की रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतू नका.

उंची हा आणखी एक विषय, कारण तिथे निर्णय घेणारं डोकंच आधी मंदावतं. पायी चढणाऱ्याला उंची हळूहळू भेटते, गाडी एका दुपारीत २,००० मीटर वर नेऊन सोडते. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. ३,५०० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असं डॉक्टर सांगतात. दिवसा खिंडीत जाऊन या, झोपायला खाली या. डोकं दुखत असताना वर जायचं नाही. आणि टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकताना तोल जाऊ लागला, तर एक क्षणही न घालवता खाली उतरायचं, आणि स्टिअरिंगवर स्वतः बसायचं नाही. कुणालाही हाक मारा, कुणाच्याही गाडीत बसा. झोपेची गोळी चालू असेल तर उंचीवर ती धोक्याची ठरू शकते, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. थंडीचा हिशेब दर १,००० मीटरला साधारण ६.५ अंशांचा: पायथ्याला १८ अंश असतील, तर तिथून २,५०० मीटर वरच्या खिंडीत २ अंश असतील. सावलीतल्या वळणावर आणि पुलावर काळसर दिसणारा ओलावा बर्फही असू शकतो.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण दर दोन तासांनी कूस बदलायला सहा वर्षं उठलेल्या शरीरात किती जागरण साठलं असेल! सतरा तास सलग जागं असलेल्या माणसाचं डोकं आणि हात रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे मंद चालतात. अनेक देशांत तेवढ्यावर गाडी चालवणं गुन्हा ठरतो. म्हणून माझी सूचना अशी की पंधरा दिवसांतले पहिले दोन दिवस गाडी चालवूच नका. पायथ्याच्या एखाद्या गावात खोली घ्या आणि झोपा. गजर न लावता झोपा. तुमचा ‘न ठरवलेला’ प्रवास तिथेच सुरू झालेला असेल.

आता जनावरं. तुम्ही ‘प्राणी दिसतील’ असं लिहिलं आहे. मला वाटतं, ते तुम्हाला दिसतील त्याच्या कितीतरी आधी तुम्ही त्यांना दिसलेल्या असाल. रस्त्यावर ती आपल्यासाठी येत नाहीत. डोंगर कापून केलेली सपाट वाट चालायला सोपी असते, कडेला कोवळं गवत असतं, बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ चाटायला मिळतं, आणि सापांना संध्याकाळी डांबराची ऊब हवी असते. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला कुंपण घालून जनावरांना ये-जा करायला वरून पूल आणि खालून भुयारी वाटा केल्या, तेव्हा गाड्या आणि जनावरांच्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. भारतात बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पातून जाणारा रस्ता २००९पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद आहे. असे उपाय फार थोड्या रस्त्यांवर आहेत. बाकी सगळीकडे कुंपण म्हणजे तुमचा उजवा पाय. गाडीचे दिवे खाली केलेले असताना प्रकाश साधारण ५० मीटरवर पोचतो, आणि ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला तेवढंच किंवा थोडं जास्त अंतर घेते. म्हणजे उजेडात दिसलेलं जनावर आणि तुमची गाडी एकाच जागी पोचतात. पहाट आणि तिन्हीसांजा या त्यांच्या हालचालीच्या वेळा, त्या वेळी वेग निम्म्यावर आणा. अंधारात आधी शरीर दिसत नाही, डोळ्यांचे दोन ठिपके चमकतात. एक हरीण पार झालं म्हणून वेग वाढवू नका, मागून दुसरं येतंच, बहुधा पिल्लू. आणि अचानक आडवं आलंच तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. स्टिअरिंग फिरवण्याची ऊर्मी येईल, ती दाबायला हवी, कारण एका बाजूला कडा असतो आणि दुसऱ्या बाजूला दरी.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, आणि इतर मोठ्या जनावरांपासून २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. दुसरीकडे नियम निराळे असतील, पण हे आकडे डोक्यात राहू द्या. फोटोसाठी जवळ जाण्याचा मोह होईल तेव्हा ते आठवतील. मादी आणि पिल्लू यांच्या मध्ये कधीही सापडू नका. हत्ती रस्त्यात असेल तर लांबच थांबा, हॉर्न नाही, दिव्यांची उघडझाप नाही, मागे जायला वाट मोकळी ठेवा आणि तो जाईपर्यंत वाट बघा. खायला काही देऊ नका, उष्टं-खरकटं खिडकीतून टाकू नका. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं जनावर वस्तीकडे येतं, आणि अशा अस्वलाला शेवटी पुष्कळदा माणूसच मारतो. अस्वलांच्या मुलखात रात्री गाडीत खाणं ठेवू नये. अमेरिकेतल्याच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तर तशी मनाईच आहे, कारण वासानं येणारं अस्वल गाडीचा दरवाजा चौकटीतून वाकवून काढतं.

पण जनावर बघायचं कसं, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसती भीती घालते आहे. बहुतेक वन्य प्राणी उभ्या माणसाची आकृती दिसली की निघून जातात, इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीकडे मात्र फार लक्ष देत नाहीत. तेव्हा सकाळी उजाडल्यावर पाणवठ्याच्या किंवा मोकळ्या कुरणाच्या बाजूला, रस्त्यापासून नीट आत गाडी लावा. इंजिन बंद, काच चार बोटं खाली, आणि अर्धा तास काही करू नका. पहिली दहा मिनिटं काहीच नसतं. मग पक्ष्यांचे आवाज पुन्हा सुरू होतात, कारण तुमच्या येण्यानं ते थांबलेले असतात. त्यानंतर जे काही बाहेर येईल ते तुमच्यासाठी न थबकता आपलं काम करत असेल. एकटीनं जाण्याचं खरं सुख मला इथे दिसतं. सोबतच्या माणसाला पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. तुमच्या मुलीला न नेण्याचं एक चांगलं कारण हवं असेल तर हे घ्या.

गाडी अडकलीच तर तिला सोडून जाऊ नका. २००६च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या डोंगरात एक कुटुंब चुकीच्या जंगलवाटेला लागून बर्फात अडकलं. आठवडाभर वाट पाहून वडील मदत शोधायला चालत निघाले. दोन दिवसांनी आई आणि दोन लहान मुली गाडीपाशी जिवंत सापडल्या. त्या गृहस्थांचा मृतदेह आणखी दोन दिवसांनी एका घळीत मिळाला. त्यांचं निघणं समजण्यासारखं होतं, मीही कदाचित निघाले असते. पण वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. म्हणून गाडीत ब्लँकेट, तीन-चार दिवसांचं पाणी आणि कोरडं खाणं, टॉर्च, शिटी, हवा असलेली स्टेपनी, आणि ती बदलण्याचा घरी एकदा केलेला सराव एवढं असू द्या. थंडीत इंजिन चालू करायचं तर तासाला दहा मिनिटं, तेही सायलेन्सरच्या तोंडापुढचा बर्फ हातानं दूर करून आणि काच थोडी उघडी ठेवून. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिटी किंवा टॉर्चनं मदत मागायची तर मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा. आल्प्सच्या डोंगरात १८९४ साली सुचवला गेलेला हा इशारा आहे. उत्तर म्हणून मिनिटाला तीन वेळा आवाज किंवा उजेड आला, तर तुम्हाला पाहिलं गेलं आहे. ११२ हा क्रमांक अनेक देशांत चालतो आणि आपल्या कंपनीचा सिग्नल नसला तरी दुसरीच्या जाळ्यावरून लागू शकतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रंही मिळतात, पण भारतासह काही देशांत ती परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, तेव्हा घेण्याआधी तिथला नियम बघा.

तुमच्यापुढे वाटा तरी किती आहेत? मुलीला घेऊन जाणं सुरक्षित आहे, पण मग तिच्या भुकेच्या आणि झोपेच्या वेळा तुम्ही सांभाळू लागाल, सवयीनंच. या खेपेला ते नको. पत्रात आहे तसं, फोन बंद करून पंधरा दिवस डोंगरात, याला मी होकार देणार नाही. घाटाचा अनुभव नसताना तर नाहीच. मला योग्य वाटतं ते असं: आधी घरापासून जवळच्या एखाद्या डोंगराळ रस्त्यावर दोन दिवसांची फेरी करा, एकटीनं, एक रात्र बाहेर. त्यात उतार, धुकं, एकटीनं खोली मागणं, या सगळ्याची चव कळेल. मग मोठ्या प्रवासात रोज नवा मुक्काम करण्याऐवजी एकाच गावी चार-पाच रात्री राहून रोज सकाळी वाटेल त्या दिशेला निघा. उघडेपणा तेवढाच राहतो, संध्याकाळी जागा शोधण्याची धांदल वाचते, आणि तुम्ही परतला नाहीत हे मुक्कामाच्या जागेवरच्या कुणाच्या तरी लक्षात येतं. सकाळी निघताना त्या माणसाला ‘आज या बाजूला चालले आहे’ एवढंच सांगायचं. रस्ता कसा आहे, कालच दरड आली का, कोणत्या वळणावर जनावरं उतरतात, हे त्याला कुठल्याही ॲपहून जास्त माहीत असतं.

फोन बंद ठेवण्याबद्दल शेवटचं. तुम्हाला कुणाशी बोलायचं नाही, ते मी समजू शकते. विचारपूस, ‘जेवलीस का’, ‘कुठे पोचलीस’, हे सगळं पुन्हा घड्याळासारखंच वाटेल. तर दिवसभर फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, म्हणजे गजर वाजेल पण कुणाचा फोन येणार नाही. पण कुणाशी न बोलणं वेगळं आणि कुणालाच पत्ता नसणं वेगळं. मुलीला कार्यक्रम नको, तिला काम द्या. एका कागदावर गाडीचा क्रमांक आणि रंग, कुठल्या भागात फिरणार, आणि तुमची कलमं लिहा: चार बोटं सूर्य उरला की मुक्काम, अर्धी टाकी, डोकं दुखलं की वर नाही, डांबर संपलं की मागे. खाली एक ओळ: रात्रीचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतही आला नाही तर तिनं कुणाला फोन करायचा. स्थानिक पोलीस आणि वनखात्याचे क्रमांक तिथेच लिहून ठेवा. सिग्नल नसलेल्या पट्ट्यात शिरण्याआधी ‘परवा दुपारपर्यंत निरोप येणार नाही’ असं कळवलं की मुदत तेवढी पुढे सरकते. तिनं उलट विचारायचं नाही, काळजीचे संदेश पाठवायचे नाहीत, बारा वाजण्याआधी घाबरायचं नाही. हा करार तिलाही सोपा नाही, तेव्हा तिच्यासमोर बसून करा. पाच महिन्यांपूर्वी तिचीही आजी गेली आहे.

कागदाच्या दोन प्रती काढा, एक तिच्याकडे, एक गाडीत समोर दिसेल अशी. आणि फोनमधला रात्री आठचा गजर इतक्यात काढू नका. तो वाजला की फोनचं नेटवर्क चालू करा, कुठे मुक्काम आहे ते मुलीला एका ओळीत कळवा आणि ते पुन्हा बंद करून झोपा.